स्वगत ऐकू येत नसतं

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना ‘ही बाई सगळ्यांकडे अशी काय बघते’ असं तुम्हाला वाटायला नको. मासळीबाजारात कोळी म्हणाला, आजचीच आहे, की मी कल्ले उघडून बघते. नवरा म्हणाला, साडी छान दिसतेय, की मी विचारते, ‘काय हवंय?’ आमचे हे म्हणतात, तू पोलिसात जायला हवी होतीस. मी गेले इंग्रजी शिकवायला. आणि तिथेही वाट्याला असा विषय आला की स्वभाव सुधारायचा राहिला बाजूला, उलट त्याला खतपाणीच मिळालं.

मस्कतच्या एका खासगी कॉलेजात मी पंचवीसेक वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं. यंदा निवृत्त झाले. दर वर्षी माझ्याकडे हमखास येणारा पेपर म्हणजे सतराव्या शतकातली इंग्रजी विनोदी नाटकं, ज्यांना रेस्टोरेशन कॉमेडी म्हणतात ती. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही (आणि कशाला असेल म्हणा!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडात कर्मठ लोकांनी राजाशी लढून, पुढे त्याला मारून सत्ता घेतली, आणि नाटक म्हणजे पाप म्हणून अठरा वर्षं नाटकगृहं बंद ठेवली. मग मेलेल्या राजाचा मुलगा परदेशातून परतला, गादीवर बसला आणि नाटकगृहं उघडली. तोवर तिकडेही बायकांची कामं पुरुषच करायचे, आपल्याकडे मिशा काढून नऊवारी नेसायचे तसे. आता पहिल्यांदाच खऱ्या बायका रंगमंचावर आल्या. अठरा वर्षांचा उपास सुटल्यावर माणसं पानावर कशी तुटून पडतात, तशी ती नाटकं आहेत.

या नाटकांतली माणसं अखंड प्रेमाविषयी बोलतात, पण आपण प्रेमात पडलोय हे मेली तरी कबूल करत नाहीत. गंमत अशी की शरीराची भूक तिथे चारचौघांत, हसत खिदळत बोलली जाते. त्याची लाज कोणालाच नाही. लाज आहे ती मनाची. ज्याने आधी मन दाखवलं तो हरला, असा तिथला कायदा. कारण आजूबाजूला सगळे भामटे. कोणी इस्टेटीसाठी प्रेमाचं सोंग करतोय, कोणी बायकोवर पाळत ठेवतोय, बायका मुखवटे घालून फिरतायत. अशा गावात ‘मला तू आवडतेस’ असं सरळ म्हणणारा एक तर मूर्ख, नाही तर पक्का चोर. म्हणून दोघं एकमेकांना टोमणे मारत बसतात. टोमणे जितके धारदार, तितकं आत जास्त दुखत असतं.

हे मी ओमानी मुलामुलींना शिकवायची. सुरुवातीला मला वाटायचं, यांना काय कळणार! या नाटकांत एक ठरलेला प्रवेश असतो. लग्नाआधी नायक-नायिका एकमेकांना अटी घालतात, अगदी घासाघीस करून. मी वर्गाला मोठ्या अभिमानाने सांगितलं, बघा, साडेतीनशे वर्षांपूर्वी एक बाई लग्नाआधी अटी घालते! माझ्या नूरा नावाच्या विद्यार्थिनीने हात वर केला. म्हणाली, ‘मिस, यात नवीन काय? माझ्या बहिणीने निकाहाच्या करारात अट घातलीय. शिक्षण पूर्ण करू द्यायचं आणि नोकरी करू द्यायची.’ मी म्हटलं, ‘वा, छान.’ ती म्हणाली, ‘पण या बाईने नुसतं तोंडी का ठरवलं? पुरुष उद्या म्हणेल, मी गंमत करत होतो.’ त्या दिवसापासून नूरा माझी लाडकी. इतकी संशयी मुलगी पंचवीस वर्षांत दुसरी भेटली नाही.

हल्ली तर काय, निबंध मुलं लिहीत नाहीत, यंत्र लिहितं. ‘प्रेम ही एक बहुआयामी संकल्पना आहे’ अशा अर्थाचं वाक्य आलं की मी ओळखते, हे कोणा माणसाचं नाही. एकदा अशा गुळगुळीत निबंधांच्या ढिगात एका मुलाचं मोडक्या इंग्रजीतलं वाक्य सापडलं. नायकाविषयी त्याने लिहिलं होतं, ‘तो विनोद करतो कारण तिने नाही म्हटलं तर त्याला मरायला होईल.’ व्याकरणाच्या चार चुका होत्या. मी पूर्ण गुण दिले. विभागप्रमुखांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, हे एवढंच खरं आहे, बाकी सगळी नक्कल.

वर्गाबाहेर हा विषय मला कधी भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं. तो भेटला माझ्याच घरी, मस्कतमधल्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दर वर्षी तेच ते असतं. मुलींचे नाच, अडखळत मराठी बोलणारी मुलं, आणि शेवटी जेवणाची रांग. तीन वर्षांपूर्वी मंडळी म्हणाली, मॅडम, तुम्ही नाटकवाल्या, काहीतरी वेगळं द्या. मी त्या जुन्या नाटकांच्या धर्तीवर अर्ध्या तासाचा एक प्रवेश मराठीत लिहिला. एक फटकळ, श्रीमंत बाई आणि एक बोलघेवडा, बदनाम गृहस्थ. दोघं लग्नाच्या अटी ठरवतात आणि प्रेमाचा शब्दही उच्चारत नाहीत. ती म्हणते, मी जाड झाले तर दुसरीकडे बघून उसासा टाकायचा नाही. तो म्हणतो, मला टक्कल पडलं तर पाहुण्यांसमोर त्यावर बोलायचं नाही. ती म्हणते, मी रुसले तर कारण विचारायचं नाही, शोधून काढायचं. असं सगळं.

गृहस्थाच्या कामाला जयंत पेंडसे मिळाले. पुण्याचे, बांधकाम कंपनीत सर्व्हेअर, अझैब्याला राहायचे. पन्नाशी उलटलेली, बायको जाऊन सहा-सात वर्षं झालेली. बोलण्यात त्यांना कोणी हरवलं नाही. मंडळातल्या प्रत्येक बाईशी ते एकच एक थट्टेच्या सुरात बोलत. असा माणूस मला आवडतो, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. नट म्हणून यथातथाच. विनोद उत्तम, पण एका वाक्याला जरा आवाज भरून येऊ दे म्हटलं, तर घशात काटा अडकल्यासारखं करायचे. शेवटी मी तो नाद सोडला.

बाईचं काम रीटाकडे गेलं ते अपघाताने. रीटा तुस्कानो वसईची. एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेल-धुलाई या सगळ्या खात्याची सुपरवायझर. वादी अदाईला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायची. वय अठ्ठेचाळीस, लग्न नाही. का नाही, असं कोणी विचारलं की म्हणायची, ‘वेळच झाला नाही.’ कापडातली तिला जाण म्हणून मी तिला वेशभूषेसाठी बोलावलं होतं. पहिल्या वाचनाला जिला काम दिलं होतं ती आलीच नाही, म्हणून म्हटलं, रीटा, तू नुसतं वाच. तिने वाचलं. पेंडशांनी एक टोमणा मारला, तिने मान न वळवता असा काही उलट टाकला की पेंडसे पुढचं वाक्यच विसरले. मी म्हटलं, खलास, हीच.

आता स्वगताचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. या नाटकांत माणूस समोरच्याशी खोटं बोलतो आणि मध्येच प्रेक्षकांकडे तोंड करून खरं बोलतो. ते स्वगत. ते साऱ्या नाटकगृहाला ऐकू येतं, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ऐकू येत नाही, असं मानायचं. हौशी नटांना हे जमत नाही. समोरचा स्वगत म्हणाला की हे लोक त्याच्याकडे बघतात, हसतात, मान डोलावतात. म्हणून मी एक युक्ती काढली. रीटाच्या हातात घडीचा पंखा दिला. पेंडशांचं स्वगत सुरू झालं की पंखा उघडायचा आणि त्यावरची नक्षी बघत राहायची. पंखा उघडा तोवर कान बंद. रीटाने हे असं उचललं की विचारू नका. हॉटेलातली शिस्त, एकदा सांगितलं की सांगितलं.

तालमी शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी आमच्याकडे व्हायच्या. रीटा रुवीचं चर्च आटोपून यायची. तिसऱ्या तालमीनंतर पेंडसे म्हणाले, ‘चला रीटाबाई, सोडतो तुम्हाला. मला तिकडेच पेट्रोल भरायचंय.’ माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अझैबा एकीकडे आणि वादी अदाई अगदी उलट दिशेला. मी म्हटलं, ‘का हो, पेट्रोलचा भाव तर सगळीकडे सारखाच असतो?’ म्हणाले, ‘मॅडम, तिथला पेट्रोलवाला फार प्रेमाने भरतो.’ सगळे हसले. रीटा हसली नाही, पर्स उचलून निघाली. मी गॅलरीत जाऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

दोन आठवड्यांनी रीटाने मला स्वयंपाकघरात सांगितलं, ‘टीचर, माझं इथलं संपलं. माझ्या जागेवर ओमानी मुलगी घेतलीय. दिवाळी झाली की व्हिसा कॅन्सल.’ मला धक्का बसला. मी त्या नव्या मुलीला आणि हॉटेलला दोन शब्द सुनावले. रीटा म्हणाली, ‘नाही हो, मुलगी चांगली आहे. मीच शिकवतेय तिला. त्यांचा देश आहे, त्यांनी पण काम करायला पाहिजे ना.’ आणि कप धुवायला लागली.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, ‘बघितलंत? आता कळलं. पेंडशांशी लग्न केलं तर तिला इथे राहता येईल.’ हे म्हणाले, ‘आणि परवा म्हणत होतीस पेंडसे तिला फिरवतोय. नक्की कोण कोणाला फसवतंय ते ठरव एकदा.’ मी म्हटलं, ‘दोघं एकमेकांना.’ हे म्हणाले, ‘मग फिटंफाट झाली, जेवायला वाढ.’ पुरुषांना काही गांभीर्य नसतं.

मी दोघांचीही पारख करायचं ठरवलं. रीटाला बाजूला घेऊन म्हटलं, ‘बाई गं, माणूस गोडबोल्या आहे, जपून.’ ती म्हणाली, ‘टीचर, मी इतकी वर्षं हॉटेलात काढली. गोड बोलणारे गेस्टच टॉवेल घेऊन जातात.’ मग पेंडशांना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, रीटा दिवाळीनंतर कायमची जाणार. ते म्हणाले, ‘अरे वा, म्हणजे वसईची केळी पाठवायला हक्काचं माणूस झालं.’ आणि मग एकदम गप्प. त्या दिवशी त्यांनी तीन स्वगतं चुकवली. मी मनात म्हटलं, हं. पण चोर पकडला जायच्या भीतीनेही गप्प होतो, हेही मनात आलंच.

कार्यक्रम घुब्राच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. मी विंगेत संहिता घेऊन उभी. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत लहान मुलं चिप्स खातायत. अटींचा प्रवेश रंगला. रीटाने जाड होण्याची अट घातल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग पेंडशांचं शेवटचं स्वगत आलं. माझं वाक्य होतं, ‘हिच्या अटी ऐकून पळून जावंसं वाटतं, पण पाय ऐकत नाहीत.’ पेंडसे प्रेक्षकांकडे वळले. रीटाने पंखा उघडला. पेंडसे म्हणाले, ‘ही खरंच निघाली. तिकीट झालंय. आणि मी गाढव अजून विनोद करतोय.’

लोक खो खो हसले. पेंडसे बोलले म्हणजे हसायचंच, अशी सवय. मी संहितेत बोट घालून उभी होते, त्यामुळे मला एकटीला कळलं की हे माझं वाक्य नाही. मी रीटाकडे पाहिलं. पंखा उघडा, नजर नक्षीवर, मान जराही हललेली नाही. स्वगत संपलं तसा तिने पंखा मिटला आणि पुढचं वाक्य काना-मात्रेचा फरक न करता म्हटलं. मला विंगेत ऐकू आलं. तिला नसेल का?

रंगपट म्हणजे शाळेचा वर्ग होता. तिथे तिला एकटीला गाठून मी विचारलं, ‘ऐकलंस ना तो काय म्हणाला ते?’

ती केसांतल्या पिना काढत होती. म्हणाली, ‘ते स्वगत होतं, टीचर. तुम्हीच शिकवलंत, स्वगत ऐकू येत नसतं.’

‘अगं पण...’

‘स्टेजवर बोललेलं मी धरत नाही. उद्या म्हणतील, गंमत केली.’

नूराची आठवण झाली. मनापासून पटलंही. आणि तरी त्या बाईचे डोळे बघून मला कसंसंच झालं.

दुसऱ्या दिवशी पेंडसे घरी आले. बसले, चहा घेतला, चपला बघत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, एक काम होतं. मला चार वाक्यं लिहून द्या.’

‘कसली?’

‘तिला म्हणायला.’

मी म्हटलं, ‘इतके दिवस बोलताय की अखंड!’

‘ते बोलणं वेगळं. त्यात काही लागत नाही. साधं बोललो आणि ती हसली तर मी कुठे बघू?’

मी कागद घेऊन बसले. जन्मभर याच विषयाची कमाई खाल्ली, म्हटलं, चार वाक्यांचं काय एवढं! लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. प्रत्येक वाक्य चमचमीत होत होतं, जिभेवर छान, पोटात काही नाही. सरळ वाक्य लिहायला गेले की मलाच लाज वाटायची. शेवटी कागद चुरगळला आणि म्हटलं, ‘पेंडसे, मला येत नाही.’ ते म्हणाले, ‘मग मला कुठून येणार?’

शनिवारी रीटा नाटकाचे कपडे धुऊन, इस्त्री करून परत द्यायला आली. मी पेंडशांनाही बोलावून ठेवलं होतं. एकटं सोडावं म्हणून ह्यांना घेऊन आत जायला निघाले, तर रीटाच म्हणाली, ‘बसा टीचर. काही लपवायचं नाही.’ म्हणून आम्ही दोघं सोफ्यावर, जसे काही वधूपक्षाचे.

पेंडसे उभे राहिले. म्हणाले, ‘रीटा, जाऊ नका. मला एकट्याला जेवायचा फार कंटाळा आलाय.’

‘स्वयंपाकाला बाई पाहिजे का?’

‘स्वयंपाक मी करतो. चांगला करतो. तुम्ही फक्त समोर बसा.’ इथे नेहमीचे पेंडसे असते तर एक विनोद आला असता. मी वाट बघत होते. आला नाही. ते म्हणाले, ‘लग्न करूया. तुमचं चर्च तुम्हाला, माझे गणपती मला. बाकी काही ठरवून आलो नाही.’

रीटाने इस्त्रीचे कपडे मांडीवर घेतले होते, त्यांच्या घड्या ती पुन्हा सारख्या करायला लागली. मग म्हणाली, ‘माझी एकच अट आहे. मी आधी जाते.’

‘कुठे?’

‘घरी. माझा व्हिसा जाऊ दे. आत्ता हो म्हटलं तर सगळे जन्मभर म्हणतील, बाईने इथे राहायला नवरा केला. तुम्हीसुद्धा कधीतरी भांडणात म्हणाल.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘टीचर तर आत्तापासून म्हणतायत.’

ह्यांनी छताकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरच तिला दिसलं असणार. चोरी पकडली गेल्यावर चोर काय बोलतो?

‘मला इथलं काही नको असेल, तेव्हा वसईला येऊन विचारा,’ रीटा म्हणाली. ‘तेव्हा मी खरं काय ते सांगेन.’ कपडे माझ्या हातात देऊन ती गेली. पेट्रोलचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तिने टॅक्सी केली.

ती गेली त्या दिवशी विमानतळावर पेंडसे ट्रॉली ढकलत होते आणि सामानाच्या वजनावर विनोद करत होते. रीटा हसत होती. आत जाताना तिने माझा हात घट्ट धरला, त्यांना नुसती मान हलवली. मला मेलीला तेव्हाही वाटलं, संपलं हे. आता हा गृहस्थ जाणार नाही. अशी किती नाटकं पाहिलीत, वाचलीत. बाई डोळ्यांआड झाली की शहरी रसिकाला शहरात दुसऱ्या खिडक्या दिसायला लागतात.

नाताळ आला, गेला. मी पेंडशांना विचारायची, ‘रजेचं काय?’ ते म्हणायचे, ‘टाकतो, इन्शाल्ला.’ आता आखातात इतकी वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा. देवावर श्रद्धा ठेवून इन्शाल्ला म्हणणारे वेगळे, आणि आपले लोक काम टाळायला म्हणतात ते वेगळे. रीटाचा फोन यायचा. तिकडे थंडी पडलीय, भाऊ घर रंगवतोय, असं बोलायची. पेंडशांचं नाव नाही. एकदाच शेवटी म्हणाली, ‘नाही आले तरी चालेल, टीचर. त्यांना सांगा, ओझं घेऊ नका.’ फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

तशीच गाडी काढली आणि अझैब्याला गेले. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, ‘पेंडसे, तुम्ही भित्रे आहात की लबाड, तेवढं सांगा. लबाड असाल तर मी तिला आजच कळवते.’

त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, ‘भित्रा आहे.’

‘कशाला भिता? विचारून तर झालंय!’

‘मॅडम, इथे होती तेव्हा तिला गरज होती. नोकरी जात होती, मी निदान उपयोगाचा होतो. आता ती तिच्या घरी आहे. भाऊ आहेत, चर्च आहे, ओळखीची माणसं आहेत. तिला माझी गरजच काय? आता जाऊन विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर तो नकार मला असेल. व्हिसाला नाही, नोकरीला नाही. मला.’

मी दारातच उभी होते. इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आले की ही माणसं मन लपवतात, कारण त्यांना हरायचं नसतं. हरतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मी कधी नीट सांगितलंच नाही. स्वतःशिवाय देण्यासारखं दुसरं काही हातात नसताना एखाद्याच्या दारात उभं राहायचं, याला किती छाती लागते! मला पेंडशांची दया आली. पण मी ती दाखवली नाही, दाखवली असती तर ते बसूनच राहिले असते.

म्हटलं, ‘तिने तुम्हाला मागे टाकलं नाही, पेंडसे. तिने तुम्हाला बोलावलंय. तिच्या अटीचा अर्थ तोच. जायचं नसेल तर तसं स्वतः फोन करून सांगा. मी मध्ये पडणार नाही. यल्ला, चला, मी निघाले.’

पुढच्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली. विमानतळावर मीच सोडलं. दाढी दोनदा केलेली, सदरा नवा, वाटेत एकही विनोद नाही. मला आपली ‘परत येतोय’ असा तिकडून फोन येईल, हीच धास्ती. हे म्हणाले, ‘आता झोप.’ कुठली झोप!

फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, रीटाचा. मी आधी विचारलं, ‘पोचला का?’

‘पोचले. दारात उभे राहिले. भाऊ म्हणाला, आत या. तर आत पण येईनात.’

‘मग? बोलला का काही?’

‘काहीच नाही बोलले. मी बाहेर गेले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि रडायलाच लागले. शेजारपाजारचे सगळे जमले.’

आता खरं तर मी काय म्हणायला हवं होतं? अभिनंदन, देव भलं करो, काहीतरी. पण स्वभावाला औषध नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, खरं रडला का?’

मग रीटा हसायला लागली. हसता हसता तिचाच आवाज फुटला. म्हणाली, ‘टीचर, तुम्ही त्यांना इतके दिवस तालमीत बघितलंत. एवढं चांगलं येतं का त्यांना?’

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘एवढं नाही येत.’